नमस्कार सोडून बाकी सगळं

सात वर्षं त्या घरात एक करार होता. तो कुणी बोलून केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. द्रौपदीबाईंनी लेकीला पूजेचं काही सांगायचं नाही आणि उत्तराने देव्हाऱ्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. गणपतीत द्रौपदीबाई मोदक करायच्या, तेव्हा नैवेद्य दाखवायच्या आधीच लेकीच्या वाटचे पाच मोदक वेगळ्या डब्यात काढून ठेवायच्या. देवाला दाखवलेलं ती खात नाही, हे त्यांनी एकदाच ऐकून घेतलं होतं आणि कायमचं लक्षात ठेवलं होतं. उत्तराही आईची पूजा चालू असली की तिकडे पाठ करून बसायची. घर होतं तीनशे फुटांचं, काजूपाड्यातली चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. एवढ्याशा जागेत पाठ करून बसणं हेच वेगळं राहणं होतं.

उत्तरा तिर्लोटकर एक्कावन्न वर्षांची. नवऱ्याने टाकल्यावर माहेरी आली ती आलीच. त्यानंतरचे सहा-आठ महिने तिला नीट आठवत नाहीत. केस विंचरायलाही उठवत नव्हतं. द्रौपदीबाईंनी नवस केले, गावच्या रवळनाथाला कौल लावून झाला. शेवटी समोरच्या इमारतीतली नलिनी तिला हाताला धरून रविवारच्या प्रार्थनेला घेऊन गेली. तिथल्या बायकांनी तिला काही विचारलं नाही. तिच्या शेजारी बसल्या, तिच्यासाठी प्रार्थना केली, घरी सोडायला आल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. वर्षभरात उत्तरा हसायला लागली, पिको-फॉलचं मशीन घेऊन घरात काम करायला लागली आणि एका रविवारी सगळ्यांच्या पुढे उभी राहून गायली. तिचा आवाज चांगला होता हे तिला स्वतःलाच तेव्हा कळलं. पुढे गाणी तीच उचलून द्यायची, बाकीचे मागून म्हणायचे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा द्रौपदीबाई एवढंच म्हणाल्या, "तू उठलंस ना, मगे झालां." उठवणारा कोण, यावर त्यांनी वाद घातला नाही.

कराराला पहिला तडा गेला तो श्रावणात. द्रौपदीबाईंना कंपवाताने दोन वर्षांपासून धरलं होतं. त्या सकाळी त्यांच्या हातून बाळकृष्ण ताम्हणातून निसटला आणि फरशीवर घरंगळत मशीनच्या पायाशी आला. उत्तराने पाय मागे घेतला. द्रौपदीबाई वाकत वाकत आल्या, त्याला उचललं आणि तिथेच खाली बसल्या.

"उत्तरा, देवांका आंघूळ घालशीत? माजे हात आता आयकनत नाय."

उत्तरा साडीची कड धरून तशीच बसली. मूर्ती करायची नाही, तिच्यापुढे वाकायचं नाही, तिची सेवा करायची नाही. बायबलमधल्या दहा आज्ञांतली दुसरी. इतर आज्ञांना फाटे फुटतात, हिला नाहीत, असं ती स्वतः नव्या बायकांना समजावून सांगायची.

"आई, मला नाही जमणार ते. तुला माहितेय."

"म्हायत आसा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "देव काय पितळेत बसलो नाय, ह्यां माकाय कळता. पण सकाळी उठान हात खंय लावूचो? हात लावूक कायतरी व्हया ना."

एवढं बोलून त्या उठल्या आणि राहिलेली पूजा स्वतःच केली. तासभर लागला. उत्तराने मशीन सुरू केलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी त्या पडल्या. देव्हारा ओट्याच्या बाजूला भिंतीवर, जरा उंच. फुलं चढवायला पाटावर उभं राहावं लागायचं. उत्तरा चार फुटांवर मशीनवर होती, रोजच्यासारखी पाठ करून. मशीनच्या खडखडाटात तिला घंटा वाजल्याचं ऐकू आलं. मग ताम्हण पडल्याचं. पूजेच्या वेळी मागे बघायचं नाही ही सवय इतकी मुरली होती, की आवाज कसला ते कळायला तिला वेळ लागला. ती वळली तेव्हा आई फरशीवर होती, पाण्यात, एक पाय नको त्या बाजूला वळलेला. आई कण्हतही नव्हती. फरशीवर विखुरलेली फुलं दोन्ही हातांनी गोळा करायचा प्रयत्न करत होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. मुलुंडहून सहदेव आला, उत्तराचा मोठा भाऊ. विम्याच्या कागदांची सगळी धावपळ त्याने केली, चार दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून काढले. पाचव्या दिवशी चहाच्या टपरीवर, ग्लास हातात धरून, तिच्याकडे न बघता म्हणाला,

"हात लावला असतास तर झिजला असता का गं तुझा?"

उत्तरा पिशवीतली औषधांची चिठ्ठी शोधू लागली.

"मी तुझ्या धर्माला कधी काही बोललो? नाही ना? तू बरी झालीस, बास. पण म्हातारीला पाटावर चढू देतेस आणि तू पाठ करून बसतेस. यार, कुठला देव सांगतो असं?"

"देव तू घेऊन जा, दादा. तुझ्याकडे पूजा होते रोज."

सहदेवने ग्लास खाली ठेवला. "आमच्याकडे आहेत ना देव. एका घरात दोन-दोन गणपती ठेवत नाहीत म्हणते ही." ही म्हणजे त्याची बायको. नंतर त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं असावं. जाताना तो आईचं औषधाचं सगळं सामान घेऊन देऊन गेला.

द्रौपदीबाई घरी आल्या त्या खाटेवरच. खाट खिडकीशी लावली होती. तिथून देव्हारा दिसत नव्हता, मधे कपाट येत होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "देवांची पूजा झाली?"

"झाली," उत्तरा म्हणाली.

ते तोंडातून कसं गेलं हे तिला कळलं नाही. खोटं बोलू नये हीही आज्ञाच होती, पण ती मोडताना हात ओले करावे लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी द्रौपदीबाई म्हणाल्या, "अगरबत्तीचो वास कसो येवक नाय?" तेव्हापासून उत्तरा अगरबत्ती लावायची, ओट्यावर, देव्हाऱ्यापासून हातभर लांब. देवांसाठी नाही, आईच्या नाकासाठी, असं स्वतःला बजावून. देव्हाऱ्यात सुकलेली जास्वंद तशीच पडून होती. पितळेवर पाण्याचे डाग हिरवे पडायला लागले होते.

बाराव्या दिवशी द्रौपदीबाईंनी बाळकृष्ण हातात मागितला.

उत्तराला कारण सुचेना. तिने तो कपड्याने पुसला आणि दिला. द्रौपदीबाईंनी त्याच्या पाठीवरून थरथरता अंगठा फिरवला, मग पोटावरून, मग गुडघ्याखालच्या खाचेत. साठ वर्षं त्यांनी त्याला आंघोळ घातली होती. खाचेतली धूळ अंगठ्याला लागली. त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"बारा दिस उपाशी ठेवलंस त्यांका," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सांगायचां तरी. मी दुसऱ्या कोणाक बोलवलां असतां."

त्या दुपारी त्यांनी ताट परत केलं. रात्रीचंही. "भूक नाय," एवढंच. दुसऱ्या दिवशी चहा घेतला, दोन घास भात, बास. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, खायला घाला, नाहीतर जखम भरणार नाही. उत्तराने मऊ भात केला, पेज केली, तांदळाच्या पिठाची गोड बोरं तळली. द्रौपदीबाई हट्ट करत नव्हत्या. नुसत्या तोंड मिटून घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी नलिनीला आईजवळ बसवून उत्तरा पास्टर प्रितमना भेटायला गेली.

प्रार्थना भरायची ती एका क्लासच्या हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर. आठवडाभर तिथे दहावीच्या मुलांची गणितं चालायची. रविवारी फळा झाकून त्यावर लाकडी क्रूस अडकवायचे आणि संध्याकाळी काढून डस्टर-खडूंच्या कपाटात ठेवायचे. पास्टर प्रितम चाळिशीचे, शांत बोलणारे. ते बेंच नीट लावत होते. उत्तराने सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंसुद्धा. त्यांनी मधे तोडलं नाही.

"आईसाठी आपण सगळे प्रार्थना करू," ते म्हणाले.

"पास्टर, तिला भात खायला हवाय. आणि त्यासाठी मला ते देव धुवायला हवेत. धुऊ की नको, एवढंच सांगा."

"उत्तराताई, हो मी म्हणू शकत नाही. तुम्हाला माहितेय."

"आपण क्रूस लावतो ना?"

"त्याची पूजा करत नाही आपण. लाकूड आहे ते."

"तुम्ही तो रुमालात गुंडाळून ठेवता," उत्तरा म्हणाली. "खडूची पूड लागू नये म्हणून. मी बघितलंय. लाकूड आहे तर डस्टरसारखं का नाही ठेवत? आणि नलिनी प्रार्थना करताना डोळे मिटत नाही, त्याच्याकडे बघत असते. भांडायला नाही आले मी. मला खरंच कळत नाहीये, रेघ कुठे आहे."

पास्टर बेंचवर बसले. खाली रिक्षावाल्यांची कसली तरी हुज्जत चालली होती.

"माझ्या आजीचे देव मी खाडीत सोडले होते," ते म्हणाले. "बावीस वर्षांचा होतो. ती झोपली होती तेव्हा. नंतर तीन वर्षं जगली ती. माझ्याशी बोलली नाही. मी वाढलेलं जेवायची, पण बोलली नाही. मी केलं ते बरोबरच होतं, असंच मानतो अजून. पण ते बरोबर होतं हे मला अजून रोज स्वतःला सांगावं लागतं."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नका, उत्तराताई. विचारलंत तर नाहीच म्हणावं लागेल मला."

घरी आली तेव्हा नलिनी दारातच चपला घालत होती. आई झोपल्यात, पाणी पण नको म्हणाल्या, असं सांगून ती गेली. उत्तराने कपाट जरा भिंतीकडे सरकवलं, म्हणजे खाटेवरून देव्हारा दिसेल. मग पाटावर चढली आणि एकेक देव खाली काढला. अन्नपूर्णा, गणपती, शंख, रवळनाथाचा टाक. बाळकृष्ण आईच्या उशाशी होता. तिने ते सगळे सिंकमध्ये ठेवून नळ सोडला, भांडी घासावीत तशी.

"तसां नाय," मागून आवाज आला. द्रौपदीबाई जाग्या होत्या. "ताम्हण घे. आदी कोमट पाणी. चिंच लाव, नखान खरवडू नको."

उत्तराने ताम्हण घेतलं. द्रौपदीबाई सांगत गेल्या आणि ती करत गेली. अन्नपूर्णेच्या पळीत चिंच अडकते, तिथे काडी घाल. शंखात पाणी राहू देऊ नको. टाकाला जोर लावू नको, झिजलाय तो. हे हात आपले नाहीत, आईचे आहेत, आपण नुसते पुढे केलेत, असं उत्तरा मनात म्हणत राहिली. पण हात तिचेच होते. कोमट पाण्यात पितळेचा काळा थर सुटत होता आणि आतला पिवळा रंग वर येत होता, आणि ते बघायला तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला जास्त भीती वाटली. पुसून, गंध लावून, फूल वाहून तिने सगळे देव जागेवर ठेवले. दिवा लावला. पाटावरून खाली उतरली.

"नमस्कार केलंस?"

उत्तरा ओले हात पदराला पुसत उभी राहिली. पुन्हा 'केला' म्हणणं किती सोपं होतं. आईला तिची पाठच दिसत होती.

"नाही केला, आई. तो मी नाही करणार. बाकी सगळं करेन. रोज करेन."

द्रौपदीबाईंनी मान देव्हाऱ्याकडे वळवली.

"बरां," त्या म्हणाल्या. "तो मी हयसून करतंय."

आणि त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले. ते एकमेकांवर नीट बसत नव्हते, थरथरत सुटून जायचे, पुन्हा जोडायच्या. उत्तरा बघत राहिली. सात वर्षांत आईला नमस्कार करताना तिने पहिल्यांदाच बघितलं. त्या दिवशी द्रौपदीबाईंनी वाटीभर पेज घेतली.

पुढचे दोन महिने असेच गेले. सकाळी उत्तरा देव धुवायची, आई खाटेवरून हात जोडायची. त्या दोन महिन्यांत मायलेकी जेवढ्या बोलल्या तेवढ्या आधीच्या सात वर्षांत बोलल्या नव्हत्या. टाक कुठून आला, अन्नपूर्णा लग्नात कुणी दिली, गिरणीच्या संपात बाबांनी सगळं विकलं पण आईने ही पितळ विकू दिली नाही. उत्तरा ऐकायची. तिने एकदाही हात जोडले नाहीत, आणि द्रौपदीबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

एका सकाळी नलिनी न कळवता आली. दार उघडंच होतं. उत्तराच्या एका हातात ताम्हण होतं, दुसऱ्यात गणपती. नलिनी उंबरठ्यावर थांबली. आत आलीच नाही.

"मी नमस्कार करत नाही गं," उत्तरा म्हणाली. "नुसतं आईसाठी."

"मला कशाला सांगतेस?" नलिनीचे डोळे भरून आले होते. "तुला कुठून उठवून आणली होती आम्ही, ते आठव. मला एवढंच म्हणायचंय." आणि ती जिना उतरून गेली.

पुढच्या रविवारी गाणं सुरू व्हायच्या आधी पास्टर प्रितमनी तिला बाजूला बोलावलं. काही दिवस गाणं दुसऱ्या कुणी उचलू दे, आणि प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायलाही जरा थांबा, असं ते म्हणाले. बोलताना त्यांची मान खाली होती. "नव्या बायका आहेत. त्यांनी घरचे देव सोडलेत, सासवांची बोलणी खाल्लीत. त्यांना काय सांगू मी?" उत्तराला ते पटलं. ते पटलं म्हणूनच जास्त लागलं. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. फक्त बुधवारी घरी प्रार्थनेला यायच्या त्या बायका यायच्या बंद झाल्या.

थंडी सुरू झाली तशी द्रौपदीबाईंच्या छातीत कफ भरायला लागला. डोकंही भरकटलं. सहदेवला त्या नवरा समजायच्या, जन्मात कधी घेतलं नाही ते नाव घेऊन दशरथा म्हणून दरडावायच्या. उत्तराला कधी ओळखायच्या, कधी नर्स समजायच्या. सकाळी देव धुऊन झाले की ती म्हणायची, "आई, नमस्कार कर," आणि त्या भिंतीकडे बघत राहायच्या. आपण कुणाच्या वतीने हे करतोय, असा प्रश्न उत्तराला त्या आठवड्यात पहिल्यांदा पडला. तरी ती करत राहिली.

एक दिवस तिने बाळकृष्ण आईच्या हातात दिला. वाटलं, अंगठ्याला तरी ओळख असेल.

द्रौपदीबाईंनी तो जरा वर धरला. "ह्यां कोणाचां?"

"तुझा बाळकृष्ण, आई."

"माका नको," त्या म्हणाल्या. "जड लागता."

हात उघडला आणि तो चादरीवर पडला. उत्तराला वाटलं होतं, असं कधी झालं तर आपल्याला सुटल्यासारखं वाटेल. सात वर्षं तिने आईसाठी हेच मागितलं होतं, की तिच्या हातून या मूर्ती सुटाव्यात. तिने बाळकृष्ण उचलला, पुन्हा आईच्या मुठीत दिला, वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी मूठ मिटून धरली. द्रौपदीबाई वैतागल्या आणि हात सोडवून घेऊ लागल्या. तेव्हा कुठे उत्तरा थांबली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. सगळं सहदेवने केलं, दहावं, तेरावं, सगळं. उत्तरा कोपऱ्यात बसून होती. भटजींनी तिला काही करायला सांगितलं नाही. प्रार्थनेच्या मंडळींपैकी फक्त पास्टर प्रितम आले होते. दाराशी चपला काढून तासभर नुसते बसून गेले.

निघताना सहदेव म्हणाला, "देवांचं काय ते बघ. देवळात दे, नाहीतर पाण्यात सोड. आता तुला काय त्यांचं?"

तिने देव एका पिशवीत घातले आणि नाक्यावरच्या देवळात गेली. पुजारी हात जोडून म्हणाला, "ताई, नका देऊ. रोज कुणी ना कुणी आणतं. म्हातारी माणसं जातात, पोरं इथे आणून ठेवतात. मी कुठे ठेवू?" त्याने बाहेर बोट दाखवलं. पिंपळाच्या पाराखाली ढीग होता. काच फुटलेल्या तसबिरी, रंग गेलेले गणपती, एक हात नसलेली लक्ष्मी, पितळेचे तीन-चार बाळकृष्ण, कुणाचे कुणाचे. एक कुत्रं त्यांना टेकून झोपलं होतं. उत्तरा पिशवी छातीशी धरून जरा वेळ उभी राहिली आणि घरी परतली.

देव्हारा तिने उतरवला. देव आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यांत एकेक करून गुंडाळले, शंख वेगळा, टाक वेगळा, आणि स्टीलच्या डब्यात भरून कपाटात वरच्या फळीवर ठेवले. त्यांना धुतलं नाही, दिवा लावला नाही. रोज सकाळी मशीनवर बसताना तिचं लक्ष कपाटाकडे जायचं, आणि ती मान दुसरीकडे फिरवत नव्हती.

महिन्याने ती रविवारी गेली तेव्हा पास्टर प्रितम जिन्यातच भेटले. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

"आज गाणं तुम्हीच उचला, उत्तराताई. सगळ्यांना सांगितलंय मी." मग आवाज खाली आणून, "घरातलं ते... आता नाही ना?"

"आहेत," उत्तरा म्हणाली. "डब्यात ठेवलेत. पुजत नाही."

"मग देऊन का नाही टाकत?"

"नाही टाकता येत."

वर हॉलमध्ये कुणीतरी पेटीवर सूर धरला होता, आणि तो जरा चुकत होता.

"मी मागेच बसते," उत्तरा म्हणाली, आणि त्यांच्या बाजूने जिना चढून वर गेली.